ढोल तपासायचे तीन दिवस

रोछुंगीनं थांगकिमाला पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा तिला वाटलं, या माणसाची दाढ सुजली आहे.

ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नाताळात गाण्यासाठी तिच्या गावची मुलंमुली दोन डोंगर आणि एक नदी ओलांडून पायी लुंगतुईला आली होती. चर्चच्या आवारात माणसं गोल करून बसली होती, आणि मधोमध ढोल घेऊन एक काटकुळा तरुण. त्याच्या उजव्या गालाला लिंबाएवढा फुगा होता. लुंगतुईत एक गाणं सुरू झालं की ते फिरून फिरून दहा वेळा म्हणतात, आणि त्या दिवशी अशी तीन गाणी झाली. फुगा तसाच, आणि ढोलही तसाच, एक ठोका इकडे नाही की तिकडे नाही. ढोल थांबल्यावर रोछुंगीनं मैत्रिणीला कोपरानं ढोसलं आणि विचारलं, “दाढ ठणकत असताना कशाला बसवलंय बिचाऱ्याला?”

हळू बोलणं तिला तेव्हाही जमत नव्हतं. त्यानं ते ऐकलं. गालातून संत्र्याची अख्खी फोड काढून तळहातावर धरली आणि म्हणाला, “गाणं सुरू झालं. चावायचं राहून गेलं.” आणि फोड पुन्हा तोंडात टाकली.

हा माणूस एका गोष्टीत शिरला की दुसरी विसरतो, हे तिला तिथंच कळायला हवं होतं. पण त्या वयात असल्या गोष्टी कौतुकाच्या वाटतात. दीड वर्षानं तिनं त्याच्याशी लग्न केलं.

लग्न तिनं ढोलवाल्याशी केलं. पुढं घरात राहायला लागला तो चर्चचा सचिव.

ते असं झालं. पंचेचाळिसाव्या वर्षी गावानं थांगकिमाला मतं देऊन उपा केलं. उपा म्हणजे चर्चचे वडीलधारे कारभारी. पाळकसाहेब एक आणि त्यांच्या पदरी गावं अकरा, तेव्हा गावोगावचं चर्च चालवायचं ते उपांनीच. तीन वर्षांनी बाकीच्या उपांनी एकमतानं त्याच्या हाती सचिवाची वही दिली. एकमत कसलं! ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही असा एकच जण त्या खोलीत होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तेव्हापासून डिसेंबर लागला की त्यांच्या घराचं दार लागत नसे. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर चढती पावलं वाजायची आणि मग हाक यायची, “उपा आहेत का?” नाताळचा तारा बांधायला बांबू कोणी तोडायचा, पंगतीच्या डुकरांवर नजर कोणी ठेवायची, पोरांनी फटाके उडवले तर ओरडायचं कोणी, पाळकसाहेबांच्या आंघोळीचं पाणी झऱ्यावरून कोणी आणायचं, गावात गाणाऱ्यांची मंडळं तीन आणि तिघांनाही शेवटी गायचंय, त्याचं काय करायचं. या सगळ्यावर थांगकिमाचं उत्तर एकच होतं, “बघतो.” आणि तो खरंच बघायचा, हेच तर दुखणं होतं. बांबू तोडायला माणूस मिळाला नाही की हा स्वतः कोयता घेऊन निघायचा. रोछुंगीच्या चुलीवरची चहाची किटली महिनाभर खाली उतरत नसे. येणारे चहा प्यायचे, उपांच्या तब्येतीची काळजी करायचे आणि जाताना आणखी एक काम सांगून जायचे.

ढोल तेवढा सुटला. संध्याकाळच्या गाण्याला सगळं गाव गोल करून बसलेलं असायचं तेव्हा सचिव कुठं असे? जनरेटरच्या खोपटात. नाहीतर उद्याच्या लाकडांपाशी. ढोल मग जो हाताशी असेल त्यानं वाजवायचा.

सव्वीस तारखेला गावजेवण. रोछुंगी पंगतीत त्याची जागा धरून बसायची. केळीचं पान मांडलेलं, पानावर भात आणि मांस वाढलेलं, आणि पानापुढं कोणी नाही. एका वर्षी त्या पानावरचं कुत्र्यानं खाल्लं. पंगत उठल्यावर तो आला तेव्हा तिनं त्याला रिकामं पान दाखवलं. तो म्हणाला, “बरं झालं. वाया नाही गेलं.”

“मोठ्या आनंदाची सुवार्ता म्हणून तुम्ही समोर उभं राहून वाचता,” ती एकदा त्याला म्हणाली, “आणि तोंड असं, की कुणाच्या मयताची वर्दी द्यायला आलात.”

“मनात पाण्याच्या पिंपांचा विचार चालू होता,” तो म्हणाला. खोटं बोलणंही त्याला जमत नसे.

चार वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात एका सकाळी ती अंगणात आलं वाळत घालत होती आणि तो पायरीवर बसून बोटं चोळत होता. अलीकडे सकाळी त्याची बोटं आखडायची. बासष्ट वर्षं झाली होती त्याला. तिनं ती बोटं पाहिली आणि हातातली टोपली खाली ठेवली.

“मावीचे बाबा,” ती म्हणाली. मावी त्यांची मुलगी, लग्न होऊन दूर ऐजॉलला राहते. “यंदा चोवीस तारखेच्या संध्याकाळी ढोलाशी तुम्ही बसायचं.”

“बघतो.”

“बघतो नाही. चौदा वर्षं बघताय तुम्ही. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा.”

तो बराच वेळ बोटं चोळत राहिला. “हात राहिलेत का माझे तसले?”

“ते बसल्यावर कळेल.”

“हो,” तो म्हणाला.

चौदा वर्षांत त्यानं तिच्यापाशी उच्चारलेला हा पहिला साधा होकार. तिनं तो जपून ठेवला. कोणाला सांगितलं नाही. गावात सांगितलं असतं तर त्यासाठीही एखादी समिती नेमली गेली असती.

बावीस डिसेंबरला दुपारी तो ढोल घेऊन घरी आला. ढोल त्याच्या बापानं केलेला. एका खोडाचा, आतून कोरून काढलेला, दोन्ही तोंडांना कातडं आणि वादीनं आवळलेला. वर्षभर चर्चच्या कोपऱ्यात राहून एका बाजूचं कातडं सैल पडलं होतं. असं कातडं विस्तवाशी धरून शेकायचं असतं. एक वीत अंतर ठेवायचं, पापड भाजताना फिरवतात तसं फिरवत राहायचं, आणि मध्ये मध्ये बोटानं टिचकी मारून ऐकायचं. जवळ बसून राहावं लागतं. लुंगतुईत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

थांगकिमानं चुलीपाशी पाट मांडला, त्यावर ढोल आडवा ठेवला, तीन बारीक लाकडं पुढं सारली आणि बसला. रोछुंगी मिरच्या निवडत होती. तिनं मान वर केली नाही, पण कान तिकडंच होते. टिच. थोड्या वेळानं पुन्हा टिच. आवाज वर चढत होता. तो गुणगुणतही होता. किती वर्षांनी हा घरात गुणगुणतोय, असं तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यात फळ्या वाजल्या.

“उपा आहेत का?”

पी दारी होती, महिला मंडळाची प्रमुख; तिकडं मानानं बाईला पी म्हणतात आणि पुरुषाला पु. स्वयंपाकाआधी रोज एकेक मूठ तांदूळ बाजूला काढून बायकांनी चर्चला दिलेला, त्यातलाच पंगतीला घ्यायचा, तर त्याला कीड लागलीय म्हणे. तिच्या मागोमाग पु वुंगा, थोरल्या गायनमंडळाचा म्होरक्या. त्याचं म्हणणं, तरुणांच्या मंडळानं शेवटचा नंबर पळवला, आत्ताच्या आत्ता येऊन निकाल द्या, नाहीतर आम्ही गातच नाही.

“आत्ता? ढोल—” थांगकिमा म्हणाला.

“ढोल कुठं पळून जातोय, उपा? आमची माणसं पळून चाललीत!”

थांगकिमा उठला. दाराशी वळून म्हणाला, “आलोच.”

‘आलोच’ म्हणजे ‘बघतो’चा धाकटा भाऊ. रोछुंगीला दोघंही चांगले माहीत होते.

ती मिरच्या निवडत राहिली. थोड्या वेळानं पाळकसाहेबांचं सामान घेऊन दोघंजण आले आणि उपा येईपर्यंत थांबतो म्हणून ओसरीत बसले. बसले म्हणजे चहा आला. किटलीला जाळ कमी पडत होता. तिनं चुलीत दोन मोठी लाकडं सारली. जाळ उफाळला. ढोल विस्तवाच्या फार जवळ आहे हे तिला दिसलं. पाट पायानं सरकवला असता तरी भागलं असतं. हातभर अंतरावर होता तो पाट.

पण तिच्या मनात राग होता. एका संध्याकाळचा शब्द दिला होता, त्याचीसुद्धा तयारी अर्धी टाकून हा माणूस किडक्या तांदळामागं गेला. ज्याचा ढोल त्यानं बघावा, असं ती मनात म्हणाली आणि चहा घेऊन ओसरीत गेली.

आवाज झाला तो ओसरीतही ऐकू आला. ओला बांबू विस्तवात फुटतो तसा.

ती आत आली. कातडं मधोमध उभं फाटलं होतं.

थांगकिमा परत आला तेव्हा पु वुंगा आणि पी दारी भांडत त्याच्या मागून येतच होते. तिघंही चुलीपाशी थबकले. थांगकिमानं वाकून फटीवरून बोट फिरवलं. मग वुंगा बोलला, कारण गप्प राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

“आता परवा गायचं कशावर? पातेल्यावर?”

“शेजारच्या गावातून आणू या,” दारी म्हणाली.

“आणि त्यांनी काय मांडीवर थापा मारायच्या? त्यांचाही नाताळ आहे, पी दारी.”

“विस्तवाशी ढोल टाकून जातं का कोणी? आमच्या घरच्या पोरीसुद्धा—” दारी रोछुंगीकडे पाहत म्हणाली.

“माझी चूक,” थांगकिमा म्हणाला. “मी ठेवून गेलो.”

रोछुंगीनं तोंड उघडलं. दोन लाकडं, एवढे दोनच शब्द होते. पण दारीसमोर ते बाहेर पडेनात. तिनं किटली उचलली आणि कोणी मागितला नसताना चहा ओतायला लागली.

गावाची दवंडी देणारा पु छुमा, त्याला ही बातमी कोणी दिली देव जाणे. अर्ध्या तासात टेकडीवरचा भोंगा खरखरला: “ऐका हो ऐका, चर्चचा ढोल उपा थांगकिमा यांच्या चुलीवर फुटलेला आहे. ज्यांच्याकडे चांगलं कातडं असेल त्यांनी कळवावं. नसेल त्यांनी कळवू नये.”

ज्यांच्याकडे नव्हतं तेच सगळे आले. मयताला यावेत तसे रांगेनं घरात शिरले, फटीत बोट घालून पाहू लागले आणि सल्ले देऊ लागले. एकजण म्हणाला शिवा, दुसरा म्हणाला उलटा करून दुसऱ्या तोंडानं वाजवा. एका म्हातारीनं तिच्या लहानपणी असाच ढोल फुटला होता आणि त्या वर्षी माकडांनी मका खाल्ला होता, हे सविस्तर सांगितलं. निघताना प्रत्येकजण खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, “होतं असं, उपा. कामाच्या गडबडीत होतं.” आणि पायऱ्या उतरताना दुसऱ्याला म्हणायचा, “चुलीवर! सांग आता.”

रोछुंगी एकेक शब्द ऐकत होती. प्रत्येक ‘होतं असं’ तिच्या पाठीत बसत होतं.

कातडं अखेर निघालं ते छुमाकडेच. त्याची लेक माहेरी आली होती म्हणून त्यानं सकाळीच बोकड कापला होता आणि कातडं कुंपणावर पडलं होतं. भोंग्यावर दवंडी देताना ते त्याच्या डोळ्यांसमोर असणार, पण आधी दवंडी आणि मग विचार, ही त्याची रीत. संध्याकाळी तो कातडं खांद्यावर टाकून आला.

“मोठ्या जनावराचं नाही, उपा. पातळ आहे. चालेल?”

थांगकिमानं ते उजेडाकडे धरून पाहिलं. “पातळ आहे म्हणूनच दोन दिवसांत वाळेल,” तो म्हणाला. बापाच्या हाताखाली हे काम त्यानं दोनदाच केलं होतं, तेही चाळीस वर्षांपूर्वी.

राख चोळून, सुरीनं खरवडून केस काढता काढता अंधार पडला. सकाळी उठून त्यानं कातडं ढोलाच्या तोंडावर ताणलं, वेताचं कडं बसवलं आणि वादी ओवायला घेतली. ओल्या कातड्याचं असं असतं की ते सगळीकडून सारखं वाळत नाही. इकडची वादी ओढली की तिकडं सुरकुती पडते. तिकडची ओढावी तर इकडं. अर्ध्यात सोडलं तर वेडंवाकडं वाळतं, मग त्याचं काहीच होत नाही. बाप म्हणायचा, कातडं आणि तान्हं मूल, दोन्हीपासून उठू नये.

सातव्या वादीला फळ्या वाजल्या.

“उपा आहेत का?” पु वुंगा. “उपा, त्या नंबराचं अजून—”

थांगकिमा सवयीनं उठायला लागला. हात सुटला आणि कातड्यावर सर्रकन सुरकुती धावली.

“बसा!” रोछुंगी ओरडली.

तो बसला. ती खुंटीवरची वही काढून दाराशी गेली. चौदा वर्षांत त्या वहीला तिनं केर काढताना उचलण्यापलीकडे हात लावला नव्हता.

“उपा आहेत,” ती वुंगाला म्हणाली, “पण उठणार नाहीत. काय ते मला सांगा.”

“तुम्हाला?” वुंगा म्हणाला. “पी रोछुंगी, हा मंडळाच्या मानाचा प्रश्न आहे. शेवटी कोणी गायचं—”

“तिघांनाही शेवटीच गायचंय ना?”

“हो, पण—”

“मग तिघांनीही शेवटी गा. एकदम. एकच गाणं.”

“असं कधी झालंय का?”

“नसेल झालं. तुम्ही वरच्या पट्टीत गाता, तुमचाच आवाज सगळ्यांच्या वर राहील. मग झालं तर!”

शेवटचा मुद्दा वुंगाला पटला असावा, कारण तो पायऱ्या उतरला. आतून थांगकिमा म्हणाला, “अगं, असं कसं सांगितलंस? रागावेल तो.”

“रागावू दे. पंगतीपर्यंत निवळेल. डुकराच्या मांसापुढं त्याचा राग टिकलेला नाही अजून.”

दुपारी पी दारी आली. पंगतीची केळीची पानं कमी पडणार होती. “तुझ्या परसात चौदा केळी आहेत,” रोछुंगी म्हणाली. “त्या काय फोटो काढायला लावल्यास?” किडक्या तांदळाचं काय, तर ऊन आहे, पसर आणि पाखड, हे सांगायला उपा कशाला लागतो? जनरेटरवाला आला, त्याला तिनं विचारलं, गेल्या वर्षी तो चालला होता का? नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी? तेव्हाही नाही. मग नाताळ झाला होता का? झाला होता. “मग जा,” ती म्हणाली.

पाळकसाहेबांचा फोन आला, आपण कुठं झोपायचं म्हणून. “दरवर्षी झोपता तिथंच, पाळकसाहेब. खाट हललेली नाही.”

पाठीमागं कसला तरी आवाज झाला म्हणून तिनं वळून पाहिलं. थांगकिमा ढोलावर वाकून हसत होता. दोन्ही हातांत वाद्या धरलेल्या, त्यामुळं डोळेही पुसता येत नव्हते त्याला. डिसेंबर महिन्यात या माणसाला हसताना तिनं कधी पाहिलं होतं ते तिला आठवेना. हसू तिलाही आलं, पण तिच्या पोटात दोन लाकडं अडकलेली होती.

तिसऱ्या प्रहरी येणंजाणं थांबलं. उरलेल्या वाद्या आवळायला दुसरं माणूस लागत होतं. ती समोर बसली आणि वादीचं टोक हाताला गुंडाळून धरलं.

“मावीचे बाबा.”

“हं. जरा खाली धर.”

“मी पाहिलं होतं. ढोल फार जवळ आहे ते. लाकडं मीच सारली. मोठी दोन.”

तो वादी ओढत राहिला. “ठाऊक आहे,” म्हणाला. “मी बारीक तीन ठेवली होती. आलो तेव्हा चुलीत खोडकं जळत होती.”

“मग बोलला का नाहीत? सगळं गाव तुमच्या नावानं—”

“काय बोलायचं? पाटावर ठेवून उठून गेलो तो मीच ना.”

“तसं नाही. मला पाट सरकवता आला असता. मुद्दाम नाही सरकवला.”

त्यानं हातातली गाठ पुरी केली, टिचकी मारली. ओलं कातडं थप्प वाजलं.

“ह्या महिन्यात मलाही पुष्कळदा वाटतं,” तो म्हणाला, “की फुटू दे एकदाचं सगळं. मोठ्यानं नाही म्हटलं कधी.” आणि मग, “ओढ. सैल सोडू नकोस.”

तिनं ओढलं. चुलीपाशी संत्री पडली होती. त्याचे हात कातड्याच्या पाण्यानं आणि राखेनं बरबटले होते. तिनं एक संत्रं सोललं आणि एक फोड त्याच्या तोंडात घातली. ती त्यानं चावली. माणूस चाळीस वर्षांत तेवढं शिकला होता.

चोवीसला दिवसभर ढोल उन्हात होता आणि तो ढोलाशेजारी. चारला ऊन डोंगराआड गेलं तेव्हा कातडं कडेनं कडक झालं होतं, पण मध्यभागी अजून थंड लागत होतं. टिचकी मारली तर ओल्या घोंगड्यावर काठी मारावी तसा आवाज. त्यानं तिच्याकडे पाहिलं.

“नाही वाजलं तर?” तो म्हणाला. “आधी चुलीवर फोडला आणि आता हे.”

“तर नाही वाजणार. उठा.”

चर्चपर्यंतच्या चढावर त्याला चारजणांनी गाठलं. ताऱ्यातला दिवा विझलाय, कोणाचं पोर तापलंय, बाक कमी आहेत, जनरेटर अर्थातच सुरू होत नाही. प्रत्येकवेळी तो थांबला आणि ‘ब’ म्हणायला त्यानं ओठ मिटले. पण दोन्ही हातांत ढोल होता, आणि मागून वही घेऊन रोछुंगी येत होती. “मला सांगा,” ती प्रत्येकाला म्हणाली. तापलेल्या पोराकडे ती खरंच जाऊन आली. बाकीच्यांना तिनं, तुमच्या घरी भांडी घासायची नाहीत का, असं विचारलं.

आत कंदील लावले होते. माणसं गोल करून बसली होती. थांगकिमा मधोमध बसला, ढोल मांडीशी घेतला. कुजबुज थांबली. सगळ्यांची नजर कातड्यावर होती. चुलीवर फुटलेला ढोल बघायला तर जे एरवी येत नाहीत तेही आले होते.

त्यानं पहिला ठोका दिला. घोगरा, दबलेला. वुंगानं शेजाऱ्याच्या कानात “रेडकाला सर्दी झालीय” असं म्हटलं, आणि तो कान सोडून बाकी सगळ्यांनी ते ऐकलं. दोघीचौघी हसल्या. थांगकिमाच्या कपाळावर घाम आला. त्यानं ठोका धीमा केला, आणखी धीमा केला. जलद ठोके हे कातडं झेलणार नाही हे त्याच्या हाताला कळलं होतं. मग गाणंही धीमं उचलावं लागलं. एरवी जे गाणं पोरं धावत धावत संपवतात ते त्या दिवशी पाय मोजत चालल्यासारखं चाललं, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना कित्येक वर्षांनी त्यातले सगळे शब्द म्हणता आले.

रोछुंगी बायकांच्या बाजूला बसली होती. दाराशी कोणी तरी तिला हातानं खुणावत होतं, जनरेटर, जनरेटर. तिनं वही मांडीखाली घेतली आणि त्यावर बसली.

तेवढी माणसं, तेवढे श्वास, मध्ये कोळशाची शेगडी. खोली तापली तसं कातडंही तापलं. चौथ्या गाण्याच्या सहाव्या फेरीला आवाज मोकळा झाला. हळूहळू नाही, नाक चोंदलेल्या माणसाची एक नाकपुडी फटकन उघडावी तसा. वुंगानं मान वळवून पाहिलं. गाता गाता उठला आणि ढोलाभोवती पावलं टाकायला लागला. मग दारी उठली, मग बाकीचे. रोछुंगी उठली नाही. त्या फिरणाऱ्या पायांच्या मधून तिला त्याचे हात दिसत होते. बोटं आखडलेली होती हे तिला दिसत होतं. तो तळव्यानं वाजवत होता, त्यानं तिथल्या तिथं वेगळी रीत काढली होती. तोंड थोडं उघडं होतं. चेहऱ्यावर पिंपं नव्हती, बांबू नव्हते, काही नव्हतं.

पंचवीसला तीन मंडळं एकदम गायली आणि तिसऱ्या कडव्यात तिघं तीन ठिकाणी होती. सव्वीसच्या पंगतीत भात खाली लागला. पानं दोनशे चाळीस हवी होती, भरली दोनशे पंचवीस, तर पोरांनी एका पानावर दोघादोघांनी खाल्लं आणि जास्त खाल्लं. पाळकसाहेब म्हणाले, यंदा व्यवस्था जरा सैल होती. रोछुंगी म्हणाली, “हो, पाळकसाहेब,” आणि त्यांच्या पानावर आणखी मांस वाढलं. तिच्या शेजारच्या पानापुढं थांगकिमा बसला होता. कुत्रं लांब उभं राहून वाट पाहत होतं.

त्या पंगतीतच, वाढपी मीठ घेऊन आला तेव्हा, तिनं दारीला सांगितलं, “दारी, ती लाकडं मी सारली होती.” दारी चावायची थांबली. “चुलीत? मग गावभर उपांचं नाव—” “हो,” रोछुंगी म्हणाली, “आता गावभर माझं कर.” दारीनं ते काम चोख केलं. दुसऱ्या दिवसापर्यंत छुमानं ते भोंग्यावर सांगायचं तेवढंच बाकी उरलं होतं.

थांगकिमा आता सहासष्ट वर्षांचा आहे. सचिवपद अजून त्याच्याकडेच आहे, कारण दुसरं कोणी घेत नाही. बोकडाचं कातडं चांगलं टिकलं आहे. तरी दर डिसेंबरात बावीस ते चोवीस तारखेपर्यंत तो ढोल तपासायला घरी आणतो आणि त्याच्याशेजारी बसून राहतो. ते तीन दिवस वही रोछुंगीकडे असते.